पितळ, बोअर आणि भेकर

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर मागे टाकते, तेव्हा खिडकीतून मलंगगडाचा सुळका दिसू लागतो. पुढे अंबरनाथ, मग बदलापूर. हा पट्टा आता माणसांनी गच्च भरला आहे. तरीही बदलापूरच्या पलीकडे बारवीचं जंगल आहे, मलंगगडापासून माथेरानकडे गेलेली डोंगररांग आहे आणि त्या झाडीत अजून भेकर राहतं. वीस-पंचवीस किलो वजनाचं हे लहानखुरं हरीण धोका जाणवला की कुत्र्यासारखं भुंकतं. म्हणूनच गावकऱ्यांना ते दिसण्याआधी ऐकू येतं.

याच पट्ट्यातल्या अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात इथे संरक्षण खात्याचे दोन कारखाने उभे राहिले. एक यंत्रांचा, ज्याला सगळे एमटीपीएफ म्हणतात, आणि दुसरा पितळ-अॅल्युमिनियमसारख्या अलोह धातूंचा. ऑक्टोबर २०२१मध्ये सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. त्यात एमटीपीएफ चिलखती वाहनांच्या कंपनीकडे गेला आणि धातूंचा कारखाना नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. काडतूस म्हटलं की लोकांना गोळी आठवते. पण काडतुसाचा जीव त्याच्या पितळी केसमध्ये असतो आणि ते पितळ हा अंबरनाथचा विषय आहे.

हरणासाठी लांब पल्ल्याची कोणती रायफल चांगली, कोणता बोअर घ्यावा, म्हणजे नळी आतून किती रुंद असावी, हा प्रश्न जगभर विचारला जातो. आपली दिवाळी आटोपते त्या सुमारास अमेरिकेत हरणांचा हंगाम जोरात असतो आणि .२७० घ्यावी की .३०-०६ यावर तिथे पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहे. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्न आपला नाही असं वाटेल. मला तसं वाटत नाही. महाराष्ट्रात शंभर वर्षं रायफली चालल्या, हरणं पडली, जखमी होऊन पळाली. बोअर कोणी ठरवला, कशासाठी ठरवला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिलं तर आजच्या एका जिवंत प्रश्नापर्यंत आपण पोचतो.

आधी केस कशी होते ते सांगतो, कारण बोअरची सगळी गणितं तिच्यावर उभी आहेत. काडतुसाच्या पितळात सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असतं. पट्टीतून एक चकती कापतात आणि दाबून तिची वाटी करतात. ही वाटी साच्यातून ओढत ओढत लांब करायची. पण प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जातं. म्हणून मधे मधे ते भट्टीत तापवून मऊ करायचं, आम्लात धुऊन काळपटपणा काढायचा आणि पुन्हा ओढायचं. शेवटी बुडाला जबर दाब देऊन तळ घडवतात, टोपीसाठी खळगा करतात आणि तोंडाकडचा भाग निमुळता करतात. तळ कडकच हवा, कारण बार उडताना आत दर चौरस सेंटिमीटरला तीन ते चार हजार किलोचा दाब येतो. तोंड मात्र मऊ हवं. त्याने गोळीला घट्ट धरायचं असतं आणि बार उडाल्याच्या क्षणी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटायचं असतं, म्हणजे वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तांबूस झाक दिसते, ती याच शेवटच्या तापवण्याची खूण. एवढ्याशा नळीत एक टोक कडक आणि दुसरं मऊ ठेवायचं, तेही लाखोंच्या संख्येत, ही मोठी कारागिरी आहे.

या कारागिरीची परीक्षा आपल्या पावसाने घेतली आहे. इंग्रजी फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असत आणि काही महिन्यांत त्यांच्या केसना आपोआप चिरा पडत. पाऊस आला की तडे, म्हणून त्याला ऋतूचं दुखणं समजलं गेलं. खरा गुन्हेगार होता घोड्यांच्या मुतातला अमोनिया. ओढून घडवलेल्या पितळात ताण साचलेला असतो, त्यात दमट हवेतला अमोनिया शिरला की धातू फाटतो. याचा उलगडा १९२१मध्ये झाला आणि केस शेवटी हलक्या आचेवर तापवून आतला ताण घालवण्याची रीत रुजली.

आता बोअरकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात आजच्या उल्हासनगरच्या जागी कल्याण कॅम्प होता, फौजेचा तळ. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर नाव पडलं, तरी कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते आजवर टिकले. त्या काळच्या फौजेच्या खांद्यावर .३०३ होती. ही रायफल हरणासाठी उत्तम चालली असती. पण ती साध्या नागरिकाला मिळत नसे. सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या आणि बंडखोरांच्या हाती फौजेची काडतुसं पडतील ही सरकारची कायमची धास्ती होती. त्यामुळे जी गोळी फौजेच्या रायफलीत बसते ती शिकाऱ्याच्या रायफलीत बसता कामा नये, असं धोरण ठरलं. त्याच धास्तीपोटी १९०७च्या सुमारास .४५० बोअरवरही बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी ती गोळी वापरता आली असती. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने मग मुद्दाम .४६५ काढली आणि इतर बंदूकवाल्यांनीही .४५०पेक्षा जरा मोठे बोअर पुढे आणले. आफ्रिकेतल्या हत्तींच्या शिकारीत ज्या बोअरचं नाव झालं, त्यांतले काही असे हिंदुस्थानातल्या एका सरकारी हुकमातून जन्मले.

हरणासाठी त्या बंदीने आपल्याला .३१५ दिली. मूळ काडतूस ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं, आठ मिलिमीटरचं. इंग्रज फौज ते वापरत नव्हती म्हणून चाललं. बीएसएसारख्या कंपन्यांनी .३०३च्याच धाटणीच्या रायफली या बोअरमध्ये करून इकडे पाठवल्या. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने तीच परंपरा चालवली आणि ‘थ्री-फिफ्टीन’ ही हिंदुस्थानी शिकाऱ्याची रायफल झाली. तिच्या काडतुसांच्या तळावर ‘केएफ’ अशी अक्षरं असत, म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या खडकीचा १८६९पासूनचा दारूगोळा कारखाना.

स्वतंत्र भारताने इंग्रजांचा तो धडा पुसला नाही. १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, तसंच फौजी काडतूस चालवू शकणारा कुठलाही बोअर, प्रतिबंधित गटात आहे. फौजेचं काडतूस बदलत गेलं तसतशी ही भिंतही सरकत गेली. आज बँकेच्या किंवा सराफाच्या दारात रखवालदाराच्या खांद्यावर बारा बोअरची दुनळी किंवा .३१५ दिसते, त्यामागे हा इतिहास उभा आहे. आपल्याकडच्या शिकाऱ्याने बोअर पारखून निवडला, असं फार थोड्या वेळा घडलं. सरकारच्या भीतीतून जे उरलं ते त्याने घेतलं.

संस्थानिकांचं वेगळं होतं. त्यांना रिग्बी, वेस्टली रिचर्ड्सच्या रायफली परवडत. जिम कॉर्बेटना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७मध्ये जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, म्हणजे जर्मन माऊजरचं सात मिलिमीटरचं काडतूस. हलकी, धक्का कमी, गोळी सरळ जाणारी. हरणासाठी आजही कोणी जाणकार या बोअरला नाव ठेवणार नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींकडे मात्र काळविटांची शिकार गाजली ती पाळलेल्या चित्त्यांची. माळावर गाडीतून चित्ता न्यायचा आणि कळपाजवळ सोडायचा. तिथे बोअरचा प्रश्नच नव्हता.

तर ही .३१५ हरणासाठी कशी? तिची गोळी सुमारे २४४ ग्रेन, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या थोडा वर. जड, बोथट, संथ. शंभर मीटरच्या आत ती सांबरालाही पुरून उरते. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात एवढंच अंतर मिळतं; मचाणावरून किंवा हाकाऱ्यात जनावर पन्नास-साठ पावलांवर येतं. प्रश्न उभा राहिला तो घाटावर. सोलापूर-नगरच्या माळांवर काळवीट माणसाला तीनशे मीटरवर ओळखतं आणि उभं राहून बघत राहतं.

इथे जरा गणित करू. तीनशे मीटर जायला .३१५च्या गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून दीड मीटरहून जास्त खाली उतरते. १९२५मध्ये आलेली .२७० विंचेस्टर सेकंदाला नऊशे मीटरहून अधिक वेगाने १३० ग्रेनची गोळी फेकते. ती त्याच अंतरावर साठ-पासष्ट सेंटिमीटर उतरते. हे उतरणं नेम बांधताना भरून काढता येतं. खरी अडचण अंतराच्या अंदाजाची. शिकाऱ्याने तीनशेचा अंदाज धरला आणि जनावर तीनशे चाळीसवर निघालं, तर .३१५ची गोळी फूटभराहून जास्त खाली लागेल, .२७०ची चार-पाच इंच. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा वीतभराची. म्हणजे .३१५च्या गोळीने पाय मोडेल किंवा ती पोटाखालून जाईल, .२७०ची कदाचित जागेवर लागेल. वेगवान बोअरचा खरा फायदा एवढाच: अंदाजातली चूक थोडी पोटात घातली जाते.

पण वारा कुठल्याच बोअरला पोटात घालता येत नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा म्हणजे झाडाची पानं सळसळतील इतपत. तेवढ्याने .३०८ची चांगली गोळीसुद्धा साडेचारशे मीटरवर अर्धा मीटर बाजूला जाते. आणि वेळ? पाचशे मीटर जायला .२७०लाही अर्ध्या सेकंदाहून बराच जास्त वेळ लागतो. चरणारं हरीण तेवढ्यात एक पाऊल टाकतं. चाप ओढताना नेम काळजावर होता, गोळी पोचते तेव्हा तिथे आतडी असतात. पोटात गोळी लागलेलं हरीण लगेच मरत नाही. ते पळतं, झाडीत बसतं आणि तासन् तास, कधी दिवसभर, तडफडत मरतं. लांब पल्ल्याच्या शिकारीबद्दल माझा आक्षेप हा आहे. पल्ला वाढवणारी रायफल विकत घेता येते. जनावराचं पुढचं पाऊल आधी कळण्याची सोय कोणीही विकत नाही.

ज्या देशांत हरणांची शिकार कायदेशीर आहे त्यांनी हा क्रूरपणा टाळण्यासाठी बोअरच कायद्यात लिहिला. इंग्लंड-वेल्सच्या १९९१च्या हरीण कायद्यात मोठ्या हरणांसाठी रायफलीचा बोअर किमान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ताकद किमान १७०० फूट-पौंड हवी. स्कॉटलंडने १९८५मध्ये मोठ्या तांबड्या हरणासाठी गोळीचं वजन आणि वेगही ठरवून दिला: किमान १०० ग्रेन आणि सेकंदाला २४५० फूट. गोळीही फुलणारीच लागते. फौजी गोळी सगळीकडून धातूने मढवलेली असते. ती हरणातून आरपार जाते, बारीक भोक पाडते आणि जनावर पळून जातं. शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं असतं, ते आत फुलतं आणि जखम रुंद करतं. कलकत्त्याजवळच्या डमडमला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशा फुलणाऱ्या गोळ्या फौजेसाठी झाल्या आणि १८९९मध्ये हेगच्या परिषदेत युद्धात त्यांच्यावर बंदी घालण्याचं ठरलं. माणसाविरुद्ध जी गोळी अमानुष ठरली, हरणाच्या बाबतीत तीच कमी वेदनेची. त्या डमडमचा कारखाना आणि अंबरनाथचा कारखाना आज एकाच यंत्र इंडिया कंपनीत आहेत.

आपण वेगळा मार्ग घेतला. ताडोबात शिकारीला १९३५मध्येच बंदी आली. कोल्हापूरकरांच्या शिकारीच्या राखीव जंगलाचं १९५८मध्ये दाजीपूर अभयारण्य झालं. जुन्या मुंबई राज्यात १९५१चा वन्यप्राणी कायदा होता, १९७२मध्ये देशभराचा आला. त्या मूळ कायद्यात परवाना काढून शिकार करण्याची वाट ठेवलेली होती, हे आज अनेकांना ठाऊक नाही. ती वाट १९९१च्या दुरुस्तीने बंद झाली. काळविटांसाठी नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात १९८०मध्ये रेहेकुरी अभयारण्य झालं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. माळावरच्या त्या तुकड्यात काळविटांचे कळप उभे राहिले, त्याचं श्रेय मी या कठोर कायद्याला देतो.

पारध्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. फासेपारध्यांनी पिढ्यान् पिढ्या फासे लावून हरणं धरली. त्यांना अंतराचं गणित लागत नसे, पायवाट वाचता यायची. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. त्याच काळात साहेब आणि संस्थानिक रायफलीने शेकडो जनावरं पाडत होते आणि त्याला खेळ म्हणत होते. जंगलाच्या ऱ्हासाचा दोष आजही आधी पारध्याच्या आणि कातकऱ्याच्या दारी जातो. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

बंदी असूनही बदलापूर-मुरबाड-कर्जतच्या डोंगरांतून चोरटी शिकार संपलेली नाही. तिची हत्यारं ठरलेली: ठासणीची गावठी बंदूक, बारा बोअरमध्ये मोठे छर्रे आणि डोक्याला बांधलेली विजेरी. उजेडात जनावराचे डोळे चमकतात, ते खिळून उभं राहतं, बार होतो. छर्रे पसरतात. थोडे मानेत, थोडे पोटात, थोडे मातीत. वीस किलोचं भेकर अंगात दोन छर्रे घेऊन दरीत उतरलं तर अंधारात कोणी मागे जात नाही. यात पारखीचा अंशसुद्धा नाही. जुन्या शिकाऱ्याला निदान जखमी जनावराच्या मागावर जाण्याची लाज-मर्यादा होती.

रायफलीचं वेड वाईट नाही, हेही मला तितक्याच ठामपणे म्हणायचं आहे. अचूकतेची ओढ ज्याला आहे त्याला जागा आहे. मलंग-माथेरानच्या रांगेपलीकडे पनवेलला सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबात मुलं रायफल शिकतात. पन्नास मीटरवरच्या .२२ रायफलीच्या निशाणीत दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला स्वप्निल कुसाळेने याच प्रकारात कांस्यपदक जिंकलं. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेच्या नोकरीतला. ज्या तालुक्यात छत्रपतींचं शिकारीचं राखीव जंगल होतं, तिथला हा नेमबाज. वाऱ्याचं, श्वासाचं, चापावरच्या बोटाचं जे शास्त्र लांब पल्ल्याच्या शिकारीत लागतं ते सगळं नेमबाजीच्या खेळात आहे आणि चुकलेल्या गोळीने कोणाचं आतडं फाटत नाही.

एक जागा मात्र उरते जिथे बोअरचा प्रश्न आजही टाळता येत नाही. रानडुकरं आणि नीलगाई उभं पीक नासवतात आणि शेतकऱ्याच्या तक्रारीवरून त्यांना मारण्याची परवानगी महाराष्ट्रात वनाधिकारी देऊ शकतात. शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. भाताच्या खाचरात एका रात्रीत डुकरांनी केलेला चिखल ज्याने पाहिला तो वाद घालणार नाही. पण नीलगाईचा नर दोनशे किलोच्या वर जातो. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी दुनळी आणि हाती लागतील ते छर्रे घेऊन त्याच्यावर बार टाकणं म्हणजे त्याला सडत मरायला सोडणं. माझं सरळ म्हणणं असं: परवानगीच्या कागदावर जनावराच्या जातीबरोबर बंदुकीचा बोअर, गोळीचा प्रकार आणि जास्तीत जास्त अंतर लिहिलेलं असावं. बारा बोअरसाठी एकच जड गोळी, छर्रे नकोत, आणि चाळीस मीटरच्या आत. .३१५ असेल तर मऊ टोकाची गोळी आणि शंभर मीटरची मर्यादा. विजेरीच्या उजेडात बार नाही. बार टाकणाऱ्याने आधी वनखात्यासमोर निशाणीवर नेम दाखवावा आणि जनावर जखमी झालं तर त्याचा माग काढून ते संपवण्याची जबाबदारी लेखी त्याच्यावर असावी. स्कॉटलंडने गोळीचं वजन आणि वेग एका सरकारी आदेशात बसवला. आपल्या वनखात्याला हा एक कागद करायला नवा कायदासुद्धा लागू नये.